मूठभर शिंपल्यांचा चुरा

४ सप्टेंबर १९९३, शनिवार

आलो बाबा एकदाचे! माउंट गॅम्बियरहून पाच दिवस गाडी हाकली, पाठीचा पार भुगा झाला, पण टीट्री पॉइंटला पोचलो तेव्हा असं काही छान ऊन पडलं होतं की व्हर्नाने गाडीतच स्वेटर काढून माझ्या तोंडावर फेकला. म्हणाली, लिंडसे पेंगिली, याचं आता पायपुसणं कर. मे महिन्यापासून तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

मे महिन्यात ती अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं, हाडं बिस्किटासारखी ठिसूळ झालीत, दुसऱ्यांदा पडल्या तर उठायच्या नाहीत. थंडीत ठेवू नका, उबेच्या गावी न्या. म्हणून चाळीस वर्षांचा संसार आवरून क्वीन्सलंडच्या या टोकाला आलो. आता मला एकच काम: बाईसाहेबांना पडू द्यायचं नाही.

घर लाकडी, खांबांवर उभं, पत्र्याचं छप्पर. गावात नळाचं पाणी नाही. छपरावरचं पावसाचं पाणी मागच्या मोठ्या टाकीत साठतं, तेच प्यायचं. व्हर्नाने ग्लासभर पिऊन डोळेच मिटले. चहा असा लागला की आमच्या गावच्या चुनखडीच्या पाण्याचा मी इतकी वर्षं उगाच अभिमान बाळगला असं वाटलं. तिकडे किटलीत बोटभर चुना बसायचा. इथली किटली आरशासारखी लख्ख.

घरमालकीण इल्मा ट्रस्कॉट नव्वदीच्या आसपासची, तासाभरावरच्या वृद्धाश्रमात असते. घर दिलं ते एका अटीवर: माझ्या माशांकडे बघा. गावच्या मत्स्यप्रेमी मंडळाचा मी बावीस वर्षं सचिव! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, त्यातली गत.

७ सप्टेंबर, मंगळवार

दोन दिवस सामान लावण्यात गेले. आज माशांकडे नीट बघितलं.

मागच्या पडवीत माझ्या कमरेइतक्या उंच ओट्यावर काचेची पेटी आहे, चार फूट लांब. पाणी कडक चहाच्या रंगाचं. तळाशी वीतभर कुजलेली पानं, त्याखाली काय आहे ते दिसत नाही. मासे मात्र बघत राहावेत असे, नखाएवढे, मधाच्या रंगाचे, निळ्या डोळ्यांचे. मोजले तर सव्वीस भरले. आणि काचेला चिकटलेली दोन गोगलगाईंची रिकामी कवचं, कागदासारखी पातळ. बोट लावलं तर विरघळलीच.

कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय. बाईंचं अक्षर पोरीसारखं वेडंवाकडं. पाणी काढायचं नाही, घटलं तर टाकीतलं घालायचं. शिंपला, चुनखडी, सोडा, काही काही घालायचं नाही. हात घालायचा नाही. आणि खाली दोनदा रेघ मारून: पाणी आंबटच राहू द्या.

मी आपली थेंबांची बाटली काढली. पाण्यात थेंब टाकायचे. निळं झालं तर पाणी चुन्याचं, हिरवं झालं तर मधलं, पिवळं झालं तर आंबट. आमच्याकडे जन्मभर निळं बघितलं. इथे झालं कस्टर्डसारखं पिवळं! पिवळ्याच्या खाली ही बाटली मोजतच नाही, त्यामुळे किती आंबट ते देव जाणे.

शेजारचा केल्व्हिन पुकालस बघायला आला. उसाच्या आगगाडीवर ड्रायव्हर होता, बायको गेल्यावर मासे पाळायला लागला. माझी बाटली बघून पोट धरून हसला. म्हणाला, अरे चुनखडीवाल्या, हे मासे दलदलीत जन्मतात, आंबटातच वाढतात, तू लिंबू सरबत बघून कळवळू नकोस. मी म्हटलं, मासे आंबटात जगतात ते नाइलाज म्हणून. तो म्हणाला, उंटावरचा शहाणा!

१० सप्टेंबर, शुक्रवार

व्हर्ना आज चार पायांच्या आधाराच्या काठीने फाटकापर्यंत गेली आणि परत आली. मी मागे, हात पसरून. ती म्हणे, मी काय कोंबडी आहे का पळून जायला?

कोंबडीवरूनच आठवलं. दुकानात कोंबड्यांना घालायचा शिंपल्यांचा चुरा होता, एक पिशवी आणली. पाणी गोड करायचा याहून साधा उपाय नाही. चुरा विरतो, आंबटपणा मरतो. व्हर्ना म्हणाली, बाई नको म्हणते ना, मग कशाला हात लावतोस? मी म्हटलं, म्हातारी घाबरट आहे. एक मूठ पानांवर पसरली. तासाभराने थेंब टाकले तर हिरवे! छाती अशी फुगली.

११ सप्टेंबर, शनिवार

सगळे मेले. सव्वीसच्या सव्वीस.

केल्व्हिन हसला नाही आज. जाळीने मासे काढायला मदत केली आणि शांतपणे समजावलं. वीस वर्षं पाणी बदललेलं नाही, माशांची घाण आतच साठलेली. आंबट पाण्यात त्या घाणीचं विष झोपलेलं असतं, पाणी गोड केलंस की ते जागं होतं. तुला माहीत असायला हवं होतं रे, म्हणाला. मला माहीत होतं. वाचलंय, इतरांना सांगितलंय. आमच्या चुन्याच्या पाण्यात ती वेळ कधी आली नाही, म्हणून डोक्यातून गेलं.

व्हर्ना माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती. लाज वाटते.

१४ सप्टेंबर, मंगळवार

पाणी पुन्हा पिवळं. आणि चुरा नाही. पानं काठीने चाळली, एक कण नाही. चुरा विरला असेल तर पाणी हिरवं राहायला हवं. पाणीही आंबट आणि चुराही गायब, मग चुना गेला कुठे? केल्व्हिनला विचारलं तर म्हणाला, तुझ्यासारखाच पेन्शनीत निघाला असेल.

आता मासे नाहीत, तर भीती कसली? नवे आणण्याआधी पाणी एकदाचं सरळ करू. उरलेली सगळी पिशवी ओतली. हाताने पसरताना पाणी कोमट लागलं. बरं वाटलं, खरं सांगायचं तर. हात काढावासा वाटेना.

१६ सप्टेंबर, गुरुवार

पिशवी संपली. दोन दिवसांत! पाणी पिवळंच.

सकाळी एक गाढवपणा केला. पेटीत भर घालायला टाकीवरचा पंप लावला, नळी आणली, भरलं, पंप बंद केला आणि नळीचं टोक पाण्यातच विसरलो. व्हर्नाला तिच्या डॉक्टरकडे नेऊन आलो तर पेटीतलं पाणी वीतभर खाली. जमिनीच्या फळ्या मात्र कोरड्या ठणठणीत. व्हर्ना म्हणाली, पेटीला तहान लागली असेल. पुन्हा भरलं, नळी गुंडाळून ठेवली, विषय संपला.

१८ सप्टेंबर, शनिवार

न्याहारीला अंडी घ्यायला गेलो तर ट्रेमध्ये बारा अंडी, पण कवच नाही. नुसत्या पातळ सालीत थरथरणारी अंडी. व्हर्ना म्हणे, दुकानदाराने फसवलं. मीही हो म्हटलं. पण काल याच ट्रेमधली दोन मी कढईच्या काठावर फोडून तळली होती. काल संध्याकाळी व्हर्नाने ती सगळी धुऊन ठेवली होती, एवढंच.

पडवीच्या विटांच्या ओट्यातला चुना भुसभुशीत झालाय. बोट लावलं की वाळू.

२० सप्टेंबर, सोमवार

व्हर्नाचा निळा झगा जमिनीवर घासतो आहे. ती म्हणाली, धुऊन सैल झाला. मी गुडघ्यावर बसून टाचण्या लावल्या. दोन बोटं उचलावा लागला. तिच्या काठीची उंचीही एक खाच खाली केली. ती म्हणाली, लिंडसे, मी आटतेय का रे?

मी म्हटलं, म्हातारपणी सगळेच आटतात, माझं तर केसांपासून सुरू झालं. हसली. मी मात्र रात्री उठून काठीच्या खाचा पुन्हा मोजल्या.

२१ सप्टेंबर, मंगळवार

टोस्ट खाताना माझा दात पडला. रक्त नाही, दुखलं नाही. अडुसष्ट वर्षांत एक दात किडलेला नव्हता माझा. हातात घेतला तर साबणाच्या चिपेसारखा मऊ.

मी पेटीत हात घातला होता. माझं समजू शकतो. व्हर्नाने तर कधी पेटीला बोटही लावलं नाही. मग तिचं का?

२२ सप्टेंबर, बुधवार

चुना कुठे गेला ते कळलं.

पानं मधोमध उचलली गेली आहेत. त्याखाली पांढरं आहे. एकापुढे एक मणके. काठीच्या टोकाने पान सारलं तर बाजूने बारीक फासळ्या, काही अजून अर्ध्याच. माशाच्या नाहीत. माशाला खांदा नसतो.

भरदिवसा बघितलं, ऊन पेटीवर होतं. मी बघत असताना त्याने —

उद्या म्हातारीकडे जातो.

२३ सप्टेंबर, गुरुवार

इल्माबाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. हात पांघरुणावर ठेवलेले, रिकाम्या हातमोज्यांसारखे चपटे. नर्स म्हणाली, आमच्याकडे आल्या तेव्हापासून असेच. बाईंनी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. पहिला प्रश्न: काय घातलंत?

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, तुम्हा मासेवाल्यांना आकडा सरळ केल्याशिवाय चैनच पडत नाही, माझा नवरा कीथही तसलाच. दलदलीतून पानं आणली त्याने, त्याबरोबर ते आलं. त्याला हाड नाही. हाड नाही तोवर ते कुणाचं काही वाकडं करू शकत नाही, आणि आंबट पाण्यात त्याचं हाड टिकत नाही. म्हणून एकोणीस वर्षं आंबट ठेवलं. त्याआधी कीथने दया येऊन शिंपले घातले, त्या जिवाला चटक लागली. शिंपले संपले, मग कीथ संपला. शेवटी मी त्याला चादरीसारखा गुंडाळून डॉक्टरांकडे नेला. त्याला उचलण्यातच माझे हात गेले. मग भांडीच्या भांडी व्हिनेगर ओतलं, तेव्हा निजलं.

बायकोचं विचारलं. म्हणाल्या, आजच्या आज पाठवा. दूर गेली तर जे उरलंय ते वाचेल. आणि त्या पेटीतल्या पाण्याचा थेंब तिच्याबरोबर जाऊ देऊ नका, थेंबभर पाण्यातही ते पुरेसं असतं.

निघताना म्हणाल्या, कागदावर लिहिलं होतं हो मी. हात नसताना लिहिलं होतं.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

व्हर्नाची बहीण ग्लेनिस बंडाबर्गहून गाडी घेऊन आली. व्हर्नाला सांगितलं, ओटा ढासळतोय, दुरुस्तीपुरती जा. तिला खरं सांगायची हिंमत झाली नाही. तिने ओळखलं असेल थोडं. माझा हात धरला, आणि माझी बोटं तिच्या हातात वाकली. उलट्या बाजूला. तिने हळूच सोडला.

तिची पेटीजवळची चप्पलसुद्धा जाऊ दिली नाही. कपडे झटकले, पिशव्या तपासल्या. तिने फक्त प्यायला टाकीतल्या पाण्याचे दोन कॅन भरून घेतले. बंडाबर्गच्या नळाला क्लोरीनचा वास येतो म्हणे, ग्लेनिसचा चहा म्हणजे पोहण्याच्या तलावात बुडवलेला. गाडी वळली तेव्हा काचेतून जीभ काढून दाखवली. बेचाळीस वर्षं तीच खोड.

वाचली. एवढं झालं.

२६ सप्टेंबर, रविवार

व्हिनेगर. दुकानातलं सगळं आणलं. दुकानदाराने विचारलं, लोणची घालताय का? काल वीस बाटल्या, आज चौदा.

बाटलीचं झाकण दातांनी उघडायला गेलो, दोन दात झाकणात राहिले.

ते हलतं. ओततो तेव्हा त्याचं तोंड — तोंड म्हणायचं का — काचेशी येतं.

२८ सप्टेंबर, मंगळवार

विरतंय! फासळ्या गेल्या. मणके पिठासारखे. म्हातारी खरं बोलली.

व्हर्नाचा फोन. आवाज बारीक. खुर्चीतून उठवत नाही म्हणाली, प्रवासाने दमले असेन. मी म्हटलं, आता बरी होशील, बघच. ती म्हणाली, आपलं पाणी संपत आलंय, ग्लेनिसचं घशाखाली उतरत नाही, अजून पाठव ना.

केल्व्हिन कुंपणापाशी भेटला. भावाच्या होडीवर तीन दिवस मासेमारीला चालला होता, शनिवारी सकाळी इथूनच बंडाबर्गला मत्स्यप्रेमींच्या प्रदर्शनाला जाणार. मी म्हटलं, व्हर्नाला पाणी नेशील? म्हणाला, वहिनीसाठी समुद्र नेतो, कॅन पायरीवर ठेव, मी उचलतो, तुझं बोळकं बघायला थांबत नाही. चार कॅन भरले. छातीशी धरून एकेक पायरीवर नेला. बोटं उपयोगाची नाहीत.

३० सप्टेंबर, गुरुवार

पेटीत काही उरलं नाही. नुसतं काळं पाणी.

मग माझे गुडघे का जातात? कालपासून उभं राहवत नाही. पेटीला हात लावून आठवडा झाला.

स्वयंपाकघराचा नळ थेंब थेंब यायला लागला. सरपटत मागे गेलो, पडवीच्या कडेशी येणारं टाकीचं झाकण डोक्याने सरकवलं. तळाशी —

पांढरं. टाकीभर लांब.

नळी. सोळा तारखेची नळी. पंप बंद, टोक पेटीत, टाकी पेटीहून खालच्या पातळीला. पाणी उलटं टाकीत गेलं. वीतभर पाणी. आम्ही तेच प्यालो. तिने त्याच पाण्याने अंडी धुतली. तिच्याबरोबर तेच —

माझ्या हाताने. मी.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

फोन पाडून जमिनीवर घेतला. नाकाने नंबर फिरवला. ग्लेनिस. मी ओरडलो, पाणी, पाणी फेक. जबडा जागेवर नाही. शब्दच होत नाहीत. ती म्हणाली, कोण आहे हा दारुडा, लाज नाही वाटत, घरात माणूस आजारी आहे.

मागून व्हर्ना तिला सांगत होती. ऐकू आलं मला. म्हणत होती, ग्लेनिस, बघ गं, पाण्याच्या जगच्या तळाशी पांढरं साचलंय, आमच्या गावचा चुना आला माझ्या मागे मागे —

हसत होती.

ठेवला फोन. पुन्हा लावला. उचलत नाहीत.

कॅन पायरीवर. दार बारा हातांवर.

२ ऑक्टो

पेन मनगटाला रबराने बांधलंय

रात्रभर सरकलो. उंबऱ्यापाशी. पुढे नाही जात. अंग सांडतंय

पायरी दिसते. चार कॅन. उन्हात

व्हॅन. केल्व्हिनची व्हॅन

गातोय. म्हणाला लिंडसे, लोळतोयस का रे अजून, येऊ नकोस उठून, घेतो मी

एक उचलला

दोन

केल्व्हिन इकडे बघ खाली बघ जाळीतून मी इथे

तीन

म्हणतो वहिनीला सांगतो नवऱ्याने स्वतः भरून दिलंय

चार. दार लावलं

व्हर्ना ते पाणी